माप बरोबर होतं

माझ्या लग्नाचा फोटो आमच्या घरात कधी भिंतीवर लागला नाही. नवऱ्यानं हौसेनं दोनदा चौकट करून आणली आणि दोन्ही वेळा मी तिच्यात देवीचं चित्र बसवलं. "लग्न माझ्याशीच झालंय ना ग तुझं?" असं तो थट्टेत विचारायचा. मी म्हणायची, माझा चेहरा नीट आला नाही. चेहरा चांगला आलाय. मला बघवत नाही ते त्याच्या अंगातलं जाकीट. कोटाची बटणं मुद्दाम सोडून, जाकीट दिसेल अशा बेतानं तो उभा आहे. फोटो काळापांढरा असल्यामुळे त्याचा रंग कुणाला कळायचा नाही. मला कळतो. गडद हिरवा, आणि त्यात केसाएवढी बारीक तांबडी रेघ.

नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते कापड कुणाचं होतं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बंगळूरच्या दक्षिण भागात, बसवनगुडीच्या अलीकडे आमची गल्ली. आमची माणसं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आली, असं अण्णा सांगायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. फौज परत गेली, आम्ही सुईदोरा घेऊन मागं राहिलो. घरात मराठी बोलायचं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. पुढच्या खोलीत अण्णांचं शिवणाचं दुकान, मधे पडदा, पडद्यामागं आमचं घर. मी एस.एस.एल.सी. पास झाले होते, म्हणजे गल्लीच्या मानानं विदुषीच. अण्णा गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून आकडे सांगायचे आणि मी पडद्याशी उभी राहून ते वहीत लिहायची. काजं, बटणं आणि हातशिलाईही माझ्याचकडे होती.

साठ सालाच्या सुमाराला गल्लीत परदेशी विद्यार्थी दिसायला लागले. कॉलेजं जवळच होती. कुणी पूर्व आफ्रिकेतून आलेला, कुणी मलायातून, कुणी इराणातून. काहींना सरकारची शिष्यवृत्ती होती, काहींना घरून पैसे यायचे. एका कॉलेजनं त्यांच्यासाठी निराळी फी ठेवली आणि दोन-तीन वर्षांत तिथल्या प्रयोगशाळेवर मजला चढला. तो कुणाच्या पैशानं चढला ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं. मग गल्लीनंही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी गाय विकली आणि गोठ्याला चुना फासून तो खोली म्हणून भाड्यानं दिला. खानावळवाल्या बाई एकाच आमटीचे दोन दर सांगायच्या. केळी विकणारी म्हातारी आधी माणूस बघायची आणि मग भाव. भाडी अशी चढली, की तुमकूर-कोलारकडून शिकायला येणारी इकडचीच मुलं पार शेतांच्या कडेला खोल्या शोधत हिंडायची. त्याचा राग गल्ली परदेशी मुलांवर काढायची, पोस्टमास्तरांवर नाही.

आणि ज्यांच्या जिवावर चार पैसे दिसत होते, त्यांना गल्लीनं काय दिलं? आफ्रिकेतल्या मुलांना लोक पाठीमागून जी नावं ठेवायचे ती मी इथं लिहीत नाही. पोस्टमास्तरांच्या बायको भाडं हातात घ्यायच्या, पण त्याच हातांना नळ शिवू द्यायच्या नाहीत. स्वतः वरून पाणी ओतायच्या. पैशाला विटाळ नव्हता, हाताला होता. मी हे रोज बघायची आणि आपण बाई तसल्या नाही, असं मनाशी म्हणायची.

त्या गोठ्याच्या खोलीत पहिला राहायला आला तो पूर्व आफ्रिकेतला एक उंच, शांत मुलगा. इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला होता. महिन्याभरात कामापुरतं कन्नड शिकला. 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, असे शब्द तो इतके जपून वापरायचा, की ऐकणाऱ्याला ते नवेच वाटायचे. वयानं माझ्याहून मोठा, तरी शेजारच्या पोरांचं ऐकून मला अक्का म्हणायला लागला. अण्णांना मास्तर. पहिला शर्ट त्यानं आमच्याकडे टाकला, तो त्याला आवडला, आणि मग तो आपल्या मित्रांना एकेक करून घेऊन यायला लागला. त्यांनी आणखी कुणाला आणलं. वर्षभरात दुकानात दुसरं मशीन आलं, कोळशाची इस्त्री जाऊन विजेची आली आणि दारावर इंग्रजी पाटी लागली. पाटीवरची अक्षरं माझी. आमचं जे काही बरं चाललं होतं, ते त्या एका मुलाच्या पायगुणानं.

आता शिंप्याची एक रीत सांगते. शर्टाला अडीच वार कापड लागणार असलं, तर अण्णा पावणेतीन सांगायचे. उरलेला तुकडा दुकानात राहायचा. त्यातून लहान पोरांची झबली व्हायची, उशांचे अभ्रे व्हायचे. 'सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण कुणी ऐकवली तर अण्णांना राग यायचा, पण रीत काही सुटत नव्हती. गल्लीतली गिऱ्हाइकं बनेल होती. "मास्तर, पावणेतीन कशाला? अडीचात बसवा," असं म्हणून ती हुज्जत घालायची किंवा उरलेलं मागून न्यायची. हा दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला खेळ होता. परदेशी मुलांना तो ठाऊक नव्हता. अण्णा पावणेतीन म्हणाले की ती मुलं पावणेतीन आणायची, आणि वर थँक्यू म्हणायची.

तिसरं वर्ष संपता संपता तो मुलगा एक पुडकं घेऊन आला. पुडक्यात ते हिरवं कापड. अण्णांनी हात फिरवला आणि नुसतेच बघत राहिले. असलं लोकरीचं कापड आमच्या दुकानात तोवर आलं नव्हतं.

तो म्हणाला, "मास्तर, हे मी तीन वर्षं ट्रंकेत ठेवलंय. निघताना वडिलांनी दिलं. म्हणाले, पास झालास की याचा सूट शिव. कोट, पँट आणि आत जाकीट. बोटीतून उतरशील तेव्हा तिन्ही अंगात असू देत. तुझ्यासाठी ज्यांनी वर्गणी काढली ते सगळे धक्क्यावर येतील. त्यांना बघू दे."

अण्णा म्हणाले, "सरी. दहा दिवसांनी ट्रायलला ये."

त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. मुलगा निपाणीकडचा, इथल्या एका सरकारी कारखान्यात कारकून. माणूस साधा होता, पण त्याची आई हौशी. "मुलीचा बाप शिंपी, तेव्हा जावयाला सूट तर घरचाच. आत जाकीट हवं बरं का," असं तिनं तीनदा सांगितलं. अण्णांनी कोट-पँटीचं काळं कापड कसंबसं घेतलं. जाकिटाला लोकरीचं कापड घ्यायची ऐपत उरली नव्हती. अण्णा रोज म्हणायचे, बघू. मला वाईट वाटायचं, आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की सासरी पहिल्या दिवसापासून जाकिटाचं ऐकून घ्यावं लागणार.

दुपारची जेवणं झाल्यावर अण्णांनी मधल्या खोलीतल्या फळीवर ते हिरवं कापड पसरलं. कापायच्या नमुन्यांचे कागद धरायला मी. कोटाची पाठ, पुढची पानं, बाह्या, पँट, जाकीट असे सगळे कागद अण्णांनी मांडले, सरकवले, फिरवले. बेतण्यात अण्णांचा हात कुणी धरत नव्हतं. शेवटचा कागद बसला तेव्हा कापड बरोबर संपलं. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. अण्णा मागं सरकले.

"कुणी ग हे मोजून दिलंय? पोराच्या उंचीचं कापड, पन्हा बघून, वर वाढत्या अंगाचा हिशेब करून दिलंय. हात आहे माणसाला."

मी कापड बघत होते. जाकिटाचे दोन कागद कडेला होते. ते उचलले की तेवढीच जागा मोकळी राहत होती, आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याची छाती त्या मुलापेक्षा चांगली चार इंच कमी. ती मापंही मीच वहीत लिहिली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "जाकीट निघत नाही म्हणून सांगितलं तर?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आपण मागितलेलं कापड नाही हे. त्यानं आणलेलं आहे."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पुरतं कळलं. जास्त मागून घेतलेलं उरलं तर ती रीत, आणि असलेलं नाही म्हणून सांगितलं तर ती चोरी. एवढा फरक शिंप्याच्या घरात तान्ह्या पोरालाही कळतो. तरी मी बोलत सुटले. "पोस्टमास्तर गोठ्याचं भाडं घेतात ते चालतं. खानावळीत दुप्पट घेतात ते चालतं. कॉलेज घेतंय. त्यांना काय कमी आहे? परदेशातून येतात. त्याला कोट-पँट मिळतेय की. कोण आत बघायला बसलंय?"

अण्णांनी खडू उचलला आणि माझ्या नवऱ्याची मापं वाचून दाखव म्हणाले. मी वही उघडून वाचली. आवाज जरासुद्धा कापला नाही माझा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं अण्णांनी सगळा दोष स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

ट्रायलच्या दिवशी तो आला. कच्चा टाका घातलेला कोट त्याला असा बसला, की आरशात बघून तो स्वतःच लाजला. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "जाकीट नाही निघालं बाबा. कापड कमी पडलं."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. "नाही मास्तर, कमी पडणार नाही. वडिलांनी मोजलंय."

"मोजताना चुकतं माणूस."

"ते नाही चुकत. ते टेलर आहेत. तीस वर्षं कापड बेततात. आमच्याकडची सगळी माणसं त्यांच्याकडे येतात."

मी पडद्याशी वही घेऊन उभी होते. तीन वर्षांत आम्ही त्याची छाती विचारली, कंबर विचारली, बाही विचारली. बाप काय करतो ते एकदाही विचारलं नव्हतं. अण्णांच्या हातातला खडू तसाच हातात. मला वाटलं, आता अण्णा बोलतील. अण्णांना बहुतेक वाटलं असेल, मी काहीतरी बोलेन. हिरवं जाकीट कापून, अस्तर लावून आतल्या खुंटीवर टांगलेलं होतं, त्याच्यापासून चार हातांवर. त्याला काजं मीच केली होती.

"पन्हा लहान होता," अण्णा शेवटी म्हणाले.

"सरी, मास्तर," तो म्हणाला आणि कोट काढून दिला.

तीनएक आठवड्यांनी तो सूट न्यायला आला तेव्हा त्याच्या खिशात वडिलांचं पत्र होतं. जाकिटाचं त्यानं घरी कळवलं होतं. पत्र त्यांच्या भाषेत होतं, ते तो अण्णांना अर्थ सांगत वाचून दाखवायला लागला. आमच्यावर रागावून नाही. पत्रात मास्तरांचं नाव आहे याचं त्याला अप्रूप वाटत होतं. वडिलांनी लिहिलं होतं, तुझ्या मास्तरांना सांग, मला माफ करा. चूक माझी आहे. अलीकडे डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही. तुमच्या हातात कमी कापड दिलं आणि तुम्हाला अवघड करून ठेवलं. धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला असं करू नये.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आईनं विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हणाले. मी दोन घास खाल्ले, तेही लोकांना दिसावं म्हणून.

लग्नाचं आमंत्रण त्याला महिन्यापूर्वीच गेलं होतं. आमच्यात चांगल्या गिऱ्हाइकाला लग्नाला बोलवायची पद्धत आहे, आणि याच्याएवढं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. जाकीट तर कपड्यांच्या ताटातून केव्हाच सासरी पोचलं होतं. ते परत मागायचं तर काय सांगून मागायचं? मंगळवारी मी आईबरोबर बनशंकरीच्या देवळात गेले. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर होतं, आजूबाजूला नुसती शेतं. तिथं लिंबू अर्धं कापून, उलटं करून त्यात दिवा लावतात. आईनं माझ्या संसारासाठी दिवा लावला. मी लावला तो, तो मुलगा लग्नाला येऊ नये म्हणून. देवीपुढं असलं मागणारी नवरी तिनं दुसरी पाहिली नसेल.

तो आला. गल्लीच्या टोकाला लग्नकार्यांसाठी भाड्यानं मिळणारं छत्र होतं, तिथं लग्न होतं. तो हिरवा सूट घालून, हातात वेष्टनात बांधलेली भेट घेऊन रांगेत उभा राहिला. माझा नवरा उकडतंय म्हणून कोट उघडा टाकून बसलेला. तो मुलगा पुढं आला, नवऱ्याचा हात हातात घेतला, आणि त्याची नजर जाकिटावर गेली. दुसरा कुणी असता तर नुसता बघून गेला असता. यानं अंगठा आणि बोट यांच्यात जाकिटाची कड धरली आणि हलकेच चोळून बघितली. शिंप्याचं पोर कापड असंच बघतं. आतल्या टिपेवरूनही एक बोट फिरवलं.

"चेन्नागिदे," तो म्हणाला. छान आहे. नवरा खूश झाला. "सासऱ्यांनी शिवलंय," म्हणाला. मी मान वर केली नाही. अंगठ्यानं पायाखालच्या चटईचा धागा ओढत बसले.

जेवणाच्या पंगती चालू असताना मी साडी बदलायला आतल्या खोलीत होते. खिडकीबाहेर त्याचा आवाज आला. अण्णांशी बोलत होता. तुटक्या कन्नडमध्ये, पण मला शब्द न् शब्द कळला.

"मास्तर, कापड मला नको. जाकीटही नको. मला एक चिठ्ठी द्या. वडिलांना. माप बरोबर होतं, एवढं लिहा. मी सांगितलं तर ते म्हणतील, पोरगा समजूत घालतोय. दुसऱ्या टेलरनं लिहिलं तर मानतील. त्यांनी कात्री खाली ठेवलीय, मास्तर."

अण्णांचा आवाज मला ओळखू येईना. "देतो. चूक माझी आहे. मुलगी लिहून देईल उद्या. मला इंग्रजी येत नाही."

"सरी," तो म्हणाला. आणि मग पंगतीत बसून जेवला. होळीगे, म्हणजे पुरणपोळी, दोन वेळा मागून घेतली, असं आई नंतर कौतुकानं सांगत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी सासरी निघायच्या आधी, अण्णांनी कागद आणि टाक माझ्यापुढं ठेवला. "लिही. मी चोरलं म्हणून लिही हवं तर. तुझं नाव कुठं येत नाही." मी 'डियर सर' लिहिलं. बाहेर सासूबाई हाका मारत होत्या. मला वाटलं, हा कागद माझ्या अक्षरातला. उद्या तो कुठं गेला, कुणी वाचला, नवऱ्याच्या कानावर गेलं, की त्याच्या अंगातलं जाकीट चोरीचं आहे, तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "मांडवपरतणीला माहेरी आले की लिहिते, अण्णा."

मी परत आले तेव्हा तो गेलेला होता. मुंबईहून बोट होती. जाण्यापूर्वी दोनदा दुकानात येऊन गेला, म्हणून कळलं. दुसऱ्या खेपेला कागदाच्या तुकड्यावर वडिलांचा पत्ता लिहून ठेवून गेला. अण्णांनी तो माझ्या हातात दिला. म्हणजे पत्ता नव्हता असंही मला म्हणता येत नाही. अण्णांनी पुढं दोनदा विचारलं, लिहिलंस का ग. दोन्ही वेळा मी म्हटलं, लिहिते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

आम्हाला धास्ती होती, की तो सगळ्यांना सांगेल आणि जूनमध्ये दुकान ओस पडेल. तसं काही झालं नाही. उलट नव्या वर्षाची मुलं आली तीही आमचाच पत्ता विचारत आली. तो जाताना प्रत्येकाला सांगून गेला होता, शिवायचं तर मास्तरांकडे. धंदा वाढला. अण्णांची रीत मात्र त्या वर्षापासून बदलली. लागेल तेवढंच कापड ते मागायचे आणि उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाच्या पुडक्यात बांधून द्यायचे. बोटभर पट्ट्या, त्रिकोणी तुकडे, सगळं. लोक हसायचे. "मास्तर, हे काय तोंड पुसायला?" असं म्हणत ते तुकडे दारातच टाकून जायचे. आई झाडून भरायची आणि अण्णांवर चिडायची.

दोन वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी होते. मुलगा तीन महिन्यांचा झाला होता, आणि नवरा आम्हाला न्यायला आला होता. दुकानातल्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. एवढ्यात एक मुलगा पुडकं घेऊन आत आला आणि मी पडद्याशी थबकले. तोच उंच बांधा, तेच खांदे. त्यानं सांगितलं, मी त्याचा धाकटा भाऊ. याच वर्षी कॉलेजात आलोय. सूट शिवायचाय, कोट, पँट आणि जाकीट.

अण्णांनी कापड उलगडून टेप लावला. परत लावला. "अर्धा वार जास्त आहे," म्हणाले.

"हो," मुलगा मोकळेपणानं म्हणाला. "भावानं सांगितलं, मास्तरांकडेच जा, पण अर्धा वार जास्त घेऊन जा. त्यांच्या घरी लागतं."

त्या पोराला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती थप्पड होती की माया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णांनी कापडावरून हात काढून घेतला.

मी विचारलं. विचारल्यावाचून राहवेना. "वडील कापड मोजून देत नाहीत आता?"

"नाही अक्का. हे दुकानातून विकत घेतलं. वडील आता बेतत नाहीत. मशीनवर बसतात, सरळ टिपा घालतात. कापायला दुसरा माणूस ठेवलाय. डॉक्टरनं डोळे तपासले, चांगले आहेत म्हणाला. पण ते मानत नाहीत. म्हणतात, एकदा चुकलं ते चुकलं."

अण्णांनी माझ्याकडे सरळ बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "लिही ग आता," ते मराठीत म्हणाले, अगदी हळू. "हा पाठवून देईल. माझंच नाव घाल."

टाक फळीवर होता. मापांची वही माझ्या हातातच होती, तिचं एक पान फाडलं असतं तरी पुरलं असतं. माप बरोबर होतं. आपल्या भाषेत तीन शब्द, इंग्रजीत फार तर चार. बाकावर माझ्या नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं आणि कुतूहलानं विचारलं, "काय लिहायचंय ग?"

मी म्हटलं, "काही नाही, बाळ रडतंय वाटतं," आणि आत गेले.

बाळ झोपलेलं होतं.